गोगलगाईचा फर्मा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गडहिंग्लज,
दि. १ ऑगस्ट २००५

चि. महांतेश यास,
दोड्डव्वाचे अनेक आशीर्वाद.

हिरण्यकेशीचं पाणी उतरायचं नाव घेत नाही आणि तुझा फोन लागायचं नाव घेत नाही. लागला असता तरी उपयोग नव्हता. मला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू इंग्रजीत बोलतोस. म्हणून पत्र. एस.टी. निपाणीच्या पुढे जात नाही म्हणतात. हे पत्र कधी पोचेल ते सांगता येत नाही असं पोस्टातल्या माणसाने सांगितलं, तिकिटाचे पैसे मात्र लगेच मागितले.

पेपरात शिरोलीच्या रस्त्याचा फोटो आला आहे. हायवेवर होडी चालली आहे आणि होडीच्या मागे एक हिरवा पत्रा दिसतो. तो आपल्या फौंड्रीचा नसू दे म्हणून मी आधी हात जोडले आणि मग चष्मा लावला. आपलाच आहे. तुझ्या दोड्डप्पांनी, थोरल्या काकांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, तो रंग स्वतः उभं राहून दिला होता. त्या पत्र्याखाली, ज्यांच्यावरून वाळूत साचा उठवायचा, ते आपले सगळे लाकडी पॅटर्न आहेत, आणि पॅटर्न गेले की फौंड्री म्हणजे नुसती वाळू आणि धूर, हे तुला निदान ठाऊक असावं.

मी फौंड्री बघत होते तेव्हा पावसाच्या तोंडावर, कर्नाटकी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, एकूण एक पॅटर्न माळ्यावर जायचा. रोज लागेल तो सकाळी खाली, संध्याकाळी पुन्हा वर. दसऱ्यापर्यंत हा नेम. ८९ च्या पुरानंतर मालकांनी घातलेला. तू आलास आणि त्याला वेळेचा अपव्यय म्हणालास. माळ्यावर थंड हवेची केबिन केलीस, काचेचं दार लावलंस, फिरती खुर्ची ठेवलीस. म्हणजे पंचगंगा आली तेव्हा पॅटर्न खाली होते आणि खुर्ची वर होती. खुर्ची सुखरूप असेल. तिला माझे आशीर्वाद सांग.

आता एक नीट वाच. पॅटर्न भिजले असतील तर उन्हात घालू नकोस आणि भट्टीजवळ तर मुळीच नेऊ नकोस. सावलीत, कोरड्या वाळूत पुरून ठेवायचे, रोज वाळू बदलायची. महिना लागतो. लाकूड घाई सोसत नाही.

इकडे मी बरी आहे. घरभर ओल आहे, पण आंब्याचं लोणचं जपलं आहे. बरणीला फडकं, फडक्यावर फळी, फळीवर वरवंटा. एका बरणीची मी जेवढी काळजी घेते तेवढी तू शंभर पॅटर्नची घेतली असतीस तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

शांभवीला आशीर्वाद. लोभ आहे म्हणून बोलते, नसता तर पोस्टाचं तिकीट वाया घालवलं नसतं.

तुझी,
दोड्डव्वा (आक्काताई)


कोल्हापूर,
दि. १० ऑगस्ट २००५

ती. दोड्डव्वा यांस,
महांतेशचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र काल, नऊ तारखेला मिळालं. आम्ही सगळे सुखरूप आहोत. खुर्चीही सुखरूप आहे. तिला आशीर्वाद कळवले.

शेडमध्ये सात फूट पाणी होतं. सहा दिवसांनी उतरलं, तर गुडघाभर गाळ आणि गाळात एक मेलेली म्हैस. कुपोला भट्टीची विटांची बांधणी ढासळली आहे, ती दोन आठवड्यांत उभी राहील. मोटारी सोडवून वाळत टाकल्या आहेत. एकूण एक माणूस कामावर हजर आहे, मोल्डर लोक स्वतः घमेली घेऊन गाळ काढताहेत. तेवढं समाधान आहे.

पॅटर्नचं लिहायला हात धजत नाही. एकशे बारा होते. पाच तारखेला बाहेर काढले तेव्हा फुगले होते, पण अखंड होते. ऊन नव्हतं म्हणून सात तारखेला कोअर भाजायच्या भट्टीजवळ मांडून ठेवले. आठला सकाळी एकेक तडकत गेला. नऊला तुमचं पत्र आलं. तुम्ही हसाल हे मला ठाऊक आहे.

ड्रॉइंगं कॉम्प्युटरमध्ये होती. त्यांची नक्कलही सीडीवर काढून ठेवली होती. सीडी कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात होती. मागल्या वर्षी पुण्याहून एक सल्लागार बोलावून 'आपत्ती आल्यास कारखाना चालू कसा ठेवावा' अशी चाळीस पानी फाईल करून घेतली होती, ती तुम्हाला आठवत असेल. तीही त्याच खणात. गाळातून निघाली. प्लॅस्टिकच्या वेष्टणामुळे पहिलं पान तेवढं वाचता येतं. त्यावर 'पाण्यापासून दूर ठेवणे' असं काही नाही, मी पाहिलं.

काल एक पुढारी येऊन गेले. बूट भरू नयेत म्हणून त्यांच्यासाठी फळ्या टाकाव्या लागल्या. फोटोवाला आधी आला, ते नंतर आले. आमच्या मोल्डरांना बिस्किटाचे पुडे वाटले आणि सरकार पाठीशी आहे असं म्हणून फळ्यांवरूनच परत गेले. सयाजी वॉचमन म्हणाला की पाठीशीच असतंय, म्हणून कधी दिसत न्हाई.

खरी काळजी गोगलगाईची आहे. तुम्हाला सांगायला नको, पंपाच्या त्या वळशाच्या कास्टिंगवर आपली निम्मी फौंड्री चालते. पंप कंपनीच्या लोकांनी दसऱ्यापर्यंत वाट बघू म्हणून सांगितलं आहे. तोवर माल गेला नाही तर ते काम कोइमतूरला देतील आणि ते परत येणार नाही. मग या चौतीस माणसांपैकी निम्म्यांना काय सांगायचं हा प्रश्न आहे. म्हणून एक नवा मिस्त्री लावला आहे. आपलं एक जुनं गोगलगाय कास्टिंग गोदामात शाबूत सापडलं, त्यावरून तो नवा पॅटर्न घडवतो आहे. चिंता करू नये.

शांभवी सुनेचा म्हणून वेगळा नमस्कार सांगते. लोभ आहे हे तिकिटावरून कळलं, तो कायम राहावा.

आपला,
महांतेश


गडहिंग्लज,
दि. १४ ऑगस्ट २००५

चि. महांतेश यास,
अनेक आशीर्वाद. पुरतील का ते माहीत नाही.

मी हसले नाही. पत्र वाचून पाटावर बसून राहिले. शेजारच्या आत्तींनी विचारलं की कुणी गेलं का. एकशे बारा गेले म्हटलं.

ज्याने घर बांधलं त्याला विचारायचं नाही आणि पुण्याच्या माणसाला पाचारण करायचं, ही तुमच्या पिढीची रीत झाली आहे. त्या सल्लागाराने पंचगंगा कधी पाहिली होती का? तो आला, केबिनमध्ये बसला, चहा प्याला, चाळीस पानं देऊन गेला. मालकांनी ८९ च्या पुरानंतर एक पानही लिहिलं नाही. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी शर्ट काढून खांद्यावर पॅटर्न घेऊन स्वतः शिडी चढले. ती त्यांची फाईल.

नव्या मिस्त्रीचं मला कौतुक सांगू नकोस. पॅटर्न करणं म्हणजे देव्हारा करणं नव्हे. ते काम कृष्णात सुताराचं होतं. पंचवीस वर्षं त्याने आपले पॅटर्न केले, गोगलगाय त्याच्याच हातची. तो होता तोवर एक कास्टिंग परत आलं नाही. पण तू कॉम्प्युटर आणलास, त्याच्या रंध्याकडे बघून नाक मुरडलंस, आणि चार वर्षांमागे तो निघून गेला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. आता वारणानगरला पोराच्या क्वार्टरात बसून पाळणे करतो असं ऐकते. त्याचा हात लांब होता, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे, पण ते जाऊ दे. चोर असला तरी मिस्त्री आहे. हातापाया पड आणि घेऊन ये.

शेडचा गाळ काढताना कोपऱ्यातल्या मालकांच्या फोटोचं काय झालं ते लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

इथे उघडीप आहे. सांध्यांना बरं वाटतं, मनाला नाही. तुला राग आला असेल तर येऊ दे, रागाने तरी जागा होशील.

तुझी,
दोड्डव्वा


कोल्हापूर,
दि. २९ ऑगस्ट २००५

ती. दोड्डव्वा यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोटो शाबूत आहे. तो माळ्यावर केबिनमध्ये होता. खाली धुराने काळा व्हायचा म्हणून मीच तीन वर्षांमागे वर नेला होता. केबिनचा तेवढा उपयोग झाला म्हणायचा.

नव्या मिस्त्रीचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. त्याने जुन्या कास्टिंगवरून हुबेहूब पॅटर्न केला. इतका हुबेहूब की आम्ही सगळे खूश. कुपोला पेटवून पहिली वीस कास्टिंगं ओतली. कंपनीचा माणूस माप घेऊन बसला आणि वीसच्या वीस बाजूला ठेवली. सगळी लहान. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न त्या हिशेबाने मोठा करावा लागतो, हे शेंबड्या मोल्डरालाही ठाऊक आहे. पण आमच्या शहाण्याने एकदा आकसलेल्या कास्टिंगचंच माप धरलं, आणि ते पुन्हा आकसलं. इंजिनिअर म्हणून मी शेजारी उभा होतो. मलाही सुचलं नाही. हे तुम्ही लिहिण्याआधी मीच लिहून टाकतो.

त्यातून गोगलगाईचा आतला वळसा बाहेरून मापता येत नाही. कंपनीकडचं ड्रॉइंग जुनं आहे, पुढे दोड्डप्पांनी आणि मिस्त्रींनी त्या वळशात जे बदल केले ते कागदावर कुठेच नाहीत.

म्हणून काल वारणानगरला जाऊन आलो. कृष्णात मिस्त्रींनी चहा दिला, शांभवीची, तुमची चौकशी केली. पुराचं सगळं ऐकून घेतलं. पॅटर्न भट्टीजवळ ठेवले म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. कामावर चला म्हटलं तर म्हणाले की मला तुम्ही काढलेलं न्हाई, तवा तुमच्या बोलवण्यानं येऊन चालायचं न्हाई, बाईंनी बोलवाय पायजे.

दोड्डव्वा, तुम्ही लिहिलंत की माझ्या कॉम्प्युटरपायी ते गेले. चार वर्षं तुम्ही सगळ्यांना तेच सांगता आणि मी ऐकून घेतो. पण त्या दिवशी पाचच्या सुट्टीला गेटवर मी होतो. तुम्ही सयाजीला मिस्त्रींची पिशवी उघडायला लावलीत. आतून पॅटर्नच्या मापाला कापलेला प्लायवूडचा फर्मा निघाला. सगळे मोल्डर बघत उभे होते. साचे बाहेर विकतोस का असं तुम्ही त्यांना विचारलंत. त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून खिशात ठेवली, डबा तिथेच सयाजीच्या स्टुलावर राहिला, आणि ते गेले. मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. माझं नाक मुरडणं मला मान्य आहे, पण त्याने माणूस गेला नव्हता.

दसऱ्याला सहा आठवडे उरले आहेत. पुढचं तुमच्या हातात आहे. जास्त लिहिलं असल्यास लहान समजून पदरात घ्यावं.

आपला,
महांतेश


गडहिंग्लज,
दि. २ सप्टेंबर २००५

कृष्णात सुतार यास,

महांतेश तुझ्याकडे येऊन गेल्याचं कळलं. मी बोलवावं असं तू म्हणालास, म्हणून हे पत्र.

फौंड्रीवर वाईट वेळ आली आहे. त्या फौंड्रीचं तू पंचवीस वर्षं मीठ खाल्लं आहेस. तुझं लग्न, तुझ्या पोराचं शिक्षण सगळं तिच्यावर झालं. तेव्हा मानापमान काढत बसायची ही वेळ नव्हे. चार वर्षांमागे जे झालं ते तुझ्या करणीने झालं. फर्मा तुझ्याच पिशवीत निघाला, माझ्या नाही. तरी मी पोलिसांत गेले नाही, हे तुझ्या घरच्यांना माहीत असू दे. आता मी ते विसरले आहे आणि तुला माफ केलं आहे.

पत्र मिळताच कोल्हापूरला जाऊन कामाला लागावं. गोगलगाय आधी घ्यावी. हत्यारं स्वतःची आणावी, फौंड्रीतली गंजली आहेत.

आक्काताई


वारणानगर,
दि. ९ सप्टेंबर २००५

तीर्थस्वरूप आक्काताईबाई यांस,
कृष्णात रामू सुतार याचा दंडवत.

माझी सून क्रांती बालवाडीत शिकवती, ती हे लिहितीया. मी बोलतो तसंच लिही, नीटनेटकं करत बसू नगंस म्हटलंय तिला. माझं अक्षर तुम्ही वळखता, लाकडावर बरं येतंय, कागदावर न्हाय.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही माफ केलंय ते वाचून दाखवताना सून हसली. म्या न्हाय हसलो. तुमची चूक न्हाय बाई. तुम्हाला कुणी सांगितलंच न्हाय, तर कळंल कसं. आता सांगतो.

८९ साली पूर आला तवा बी असंच झालंतं. साठ-सत्तर पॅटर्न गेलते. मालक आन म्या तीन म्हैनं बसून सगळं पुन्ना केलं. काम झालं त्या सांजला मालक म्हनलं, कृष्णात, सगळं एका जाग्याला ठिवलं ही आपली चूक. आता परत्येक पॅटर्नचा प्लायवूडचा फर्मा काप, त्येच्यावर मापं लिव्ह, आन तुझ्या घरात ठिव. पुन्ना पानी आलं तर इथलं बुडंल, तिथलं ऱ्हाईल. एवढंच म्हनलं. फाईल न्हाय, सल्लागार न्हाय. तवा म्या शिवाजी पेठेत माडीवर ऱ्हात हुतो. दर म्हैन्याला दोन-तीन फर्मं घरला न्ह्यायाचो. मालकांनी बजावलंतं, कुनाला बोलू नगंस. फौंड्रीचं साचं मिस्त्रीच्या घरात हायती म्हनून बोभाटा झाला तर गिऱ्हाईक बिथरंल.

चार वर्सामागं त्या दिशी गोगलगाईचा पॅटर्न झिजल्यासारका वाटला, म्हनून सकाळी फर्मा घरनं आनलाता. पॅटर्नला लावून बघितला, सांजला परत न्हेत हुतो. त्येवढ्यात तुम्ही पिशवी उघडाय लावलीसा. तवाच का सांगितलं न्हाय म्हनून सून इचारती. चौतीस मानसांम्होरं काय सांगू? मेलेल्या मालकाचं नाव पुढं करून सुटायचं व्हय? आन तुम्ही इचारलं बी न्हाय बाई. साचं विकतोस का असं इचारलं. त्येला उत्तर नसतंय.

मिठाचं लिवलंय तुम्ही. मीठ दोघांनी खाल्लं. म्या तुमचं खाल्लं आन फौंड्रीनं माझ्या हाताचं खाल्लं. ह्यो हिशेब हितंच सोडतो.

सांगायचं ते आसं. इकडं येताना सगळं फर्मं टेंपोत घालून आनलं. पोराच्या क्वार्टरात माळ्यावर हायती. कॉलनी उंचावर हाय, पानी येत न्हाय. सून दर दिवाळीला म्हनती, ही अडगळ कवा काडायची. म्या म्हनतो ती ठेव हाय, मालकांची. तुमची न्हाय. एकशे अकरा हायती. उद्या महांतेश टेंपो घेऊन येनार, सगळं त्येच्या ताब्यात देतो. आन म्या बी येतो. तुमच्या पत्रानं न्हाय. चौतीस मानसं हायती, त्येंच्यातलं बरंचसं माझ्या हाताखाली शिकलं.

पर एकशे बारावा न्हाय. गोगलगाईचा. त्यो तुम्ही पिशवीतनं काढून काखंला मारलासा, तवापासनं म्या बघितला न्हाय. जुनं कास्टिंग कापून वळसा काढता येतोय, पर नीट बसवायला दोन म्हैनं जात्यात. दसरा म्हैन्यावर आलाय. तुमच्याकडं असंल तर बघा. जाळला असंल तर तसं कळवा, वाट बघनार न्हाय.

तब्येत सांभाळा. आमचं मन हुतं तसंच हाय, तुमचं तुम्हाला म्हाईत.

कृष्णात सुतार


गडहिंग्लज,
दि. १३ सप्टेंबर २००५

चि. महांतेश यास,
अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

कृष्णात मिस्त्रींचं पत्र काल दुपारी आलं. तीनदा वाचलं. ऐकू कमी येतं, दिसतं अजून बरं, म्हणून चुकीचं वाचलं असं म्हणायची सोय नाही.

फर्मा जाळलेला नाही. मी तो पुरावा म्हणून ठेवला होता. कारभार तुझ्याकडे सोपवून गडहिंग्लजला आले तेव्हा ट्रंकेत घालून इकडे आणला. इथे कुणी विचारलं की फौंड्री कशी चालवलीत, तर मी तो दाखवायची आणि चोर कसा पकडला ते सांगायची. आत्तींना चार वेळा सांगितलं असेल. मग ऐकणारं कुणी उरलं नाही, आणि मला लोणच्याच्या बरणीवर ठेवायला फळी हवी होती. नेमक्या मापाची होती. तेव्हापासून ती तिथे आहे. पहिल्या पत्रात मी तुला त्याच बरणीवरून शहाणपण शिकवलं होतं. ते पत्र तू जपून ठेवलं असशील तर फाडून टाक. नको, ठेव. मला कधी पुन्हा फार बोलावंसं वाटलं तर परत पाठव.

वरच्या बाजूवर वरवंट्याची गोल खूण पडली आहे. पण मिस्त्रींनी पेन्सिलीने लिहिलेली मापं सगळी वाचता येतात, वळसा अखंड आहे, प्लायवूड तेलाने तडकलेलं नाही. खालची बाजू मसाल्याने काळी झाली होती, म्हणून काल संध्याकाळी राख लावून घासली. त्या बाजूला तुझ्या दोड्डप्पांचं अक्षर निघालं. कागदावर काढावं तसं, सुईने कोरून. तारीख १२-११-८९. खाली लिहिलं आहे: 'कृष्णात, हा तुझ्या घरी ठेव. आक्काताईला मी सांगतो.'

त्यानंतर ते साडेचार वर्षं होते. सांगितलं नाही. का सांगितलं नाही हा विचार मी रात्रभर केला आणि उत्तर मला आवडलं नाही. या तोंडापुढे सांगायचं धाडस त्यांना झालं नसावं. त्या दिवशी गेटवर मी फर्मा नुसता उलटा केला असता तरी पुरे होतं. मला उलटा करायची गरजच वाटली नाही. माझी खात्री होती.

तुला मी अडाणी म्हटलं, सल्लागाराला म्हटलं, नव्या मिस्त्रीला म्हटलं. तुम्ही पॅटर्न बुडवलेत. मी माणूस बुडवला, आणि तो मात्र सगळ्यांचं सामान माळ्यावर ठेवून बसला. यापुढे मला फौंड्रीतलं काही विचारू नकोस, आणि मी सांगितलंच तर ऐकू नकोस.

आता काम. परवा गुरुवारी पहाटेच्या एस.टी.ने निघते. निपाणीकडून रस्ता सुरू झाला आहे. आठच्या पाळीला गेटवर पोचेन. फर्मा माझ्या पिशवीत असेल. तुझ्यासाठी लोणच्याचा डबा आहे, पण तो वेगळ्या पिशवीत. पोस्टाने किंवा कुणाच्या हाती फर्मा पाठवता आला असता, ते मला कळतं, म्हणून सुचवू नकोस.

कृष्णात मिस्त्रींना गेटवर येऊन उभं राहायची विनंती कर. विनंती हा शब्द वापर. त्यांनी मला तीर्थस्वरूप म्हणावं हा मान मी मागत नाही, नमस्कार मात्र आधी माझा सांग. त्यांचा डबा त्या दिवशी सयाजीच्या स्टुलावर राहिला होता, त्याचं काय झालं ते शोध. सापडला नाही तर नवा आण.

सगळे मोल्डर आत जाण्याआधी गेटवर थांबव. सयाजीला सांगून ठेव की बाई आल्या की त्यांची पिशवी उघडायची. तो लाजेल, कशाला बाई म्हणेल. त्याला म्हणावं, त्या दिवशी जशी उघडली तशीच, सगळ्यांदेखत, आणि आत काय आहे ते मोठ्याने सांगायचं. मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

शांभवीला आशीर्वाद. लोभ मागायची ही वेळ नव्हे. मिस्त्रींनी फर्मा हातात घेतला की पुढचं बघू.

तुझी,
दोड्डव्वा